विश्लेषण : हेअर ट्रान्सप्लांट एका दिवसाचे, बरे होणे वर्षभराचे! गावी परतल्यावर काय होते, काय टाळायचे?

महाड किंवा पोलादपूर तालुक्यातल्या एखाद्या गावात तरुण मुलगा डोके तासून एसटीतून उतरला, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘घरात कोणी गेले का?’ अलीकडे या प्रश्नाचे उत्तर कधी कधी वेगळे असते. मुंबई, ठाणे, पुण्यात नोकरी करणारे आणि महाडच्या एमआयडीसीत काम करणारेही काही तरुण शहरात जाऊन हेअर ट्रान्सप्लांट, म्हणजे केस प्रत्यारोपण करून घेतात आणि विश्रांतीसाठी घरी येतात. शस्त्रक्रिया शहरात एका दिवसात उरकते. जखम भरते ती मात्र घरी.

आणि खरे प्रश्न घरी आल्यावरच पडतात. सकाळी उठल्यावर कपाळ सुजलेले दिसते, उशीला रक्ताचे डाग असतात, महिनाभरात नव्याने लावलेले केसच गळू लागतात. यातले बहुतेक नेहमीचे असते, काही मात्र अजिबात नसते. मुंबईचा डॉक्टर दीडशेहून अधिक किलोमीटरवर असताना हा फरक रुग्णाला आणि घरच्यांना ओळखता आला पाहिजे. प्रत्यारोपणानंतरचे पहिले दहा दिवस, पहिले चार महिने आणि पहिले वर्ष कसे जाते, ते समजून घेऊ.

केस प्रत्यारोपणात नेमके काय केले जाते?

पुरुषांमध्ये पडणारे टक्कल बहुतांश वेळा आनुवंशिक असते. डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजे डीएचटी या संप्रेरकामुळे कपाळाजवळचे आणि टाळूवरचे केस हळूहळू बारीक होत जातात. डोक्याच्या मागच्या बाजूचे आणि कानांच्या वरचे केस या संप्रेरकाला सहसा दाद देत नाहीत. मागचे केस काढून पुढे लावले तरी ते आपला हा मूळ गुण सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले. १९५९ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आजचे प्रत्यारोपणही त्याच तत्त्वावर चालते. यात नवे केस तयार होत नाहीत, असलेल्या केसांची जागा बदलते.

त्यासाठी दोन पद्धती आहेत. ‘एफयूई’मध्ये सुमारे एक मिलिमीटर किंवा त्याहून लहान व्यासाच्या पोकळ उपकरणाने मागच्या भागातून केसांची एकेक मुळी काढतात. ‘एफयूटी’मध्ये मागच्या त्वचेची एक अरुंद पट्टी काढून टाके घालतात आणि त्या पट्टीतून मुळ्या वेगळ्या करतात. अशा एका मुळीला ‘ग्राफ्ट’ म्हणतात, तिच्यात साधारण एक ते चार केस असतात. ग्राफ्ट पुढच्या भागात बारीक छिद्रे पाडून बसवले जातात. दोन हजार ग्राफ्ट लावले, तर पुढे दोन हजार छिद्रे झाली आणि एफयूई असेल तर मागेही तेवढ्याच बारीक जखमा झाल्या. भूल फक्त डोक्याच्या त्वचेला दिलेली असते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. त्यामुळे ‘काही विशेष नाही’ असे वाटते, पण ही शस्त्रक्रियाच आहे.

त्याच दिवशी गावी निघावे का?

शक्यतो नाही. पहिली रात्र क्लिनिकजवळ, मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकांकडे किंवा लॉजवर काढणे चांगले. एक तर भूल उतरल्यावर काही तासांनी वेदना आणि किंचित रक्तस्राव होऊ शकतो. दुसरे, अनेक क्लिनिकमध्ये दुसऱ्या दिवशी जखम तपासून पट्टी काढतात आणि डोके कसे धुवायचे ते दाखवतात. हे प्रत्यक्ष बघितलेले बरे.

नंतरचा प्रवासही जपून करावा लागतो. नुकताच बसवलेला ग्राफ्ट केवळ रक्ताच्या गुठळीने आणि आजूबाजूच्या त्वचेच्या दाबाने धरून राहिलेला असतो. एसटीत खिडकीच्या दांड्याला डोके टेकून झोप लागणे, खड्ड्यात गाडी आदळल्यावर टपाला डोके लागणे, जीप किंवा रिक्षात शिरताना चौकटीला घासणे, अशा साध्या गोष्टींनी ग्राफ्ट निसटतात. गाडीत पुढच्या सीटवर, मानेला आधार देणारी उशी घेऊन बसावे. डोक्यावरून ओढून काढावा लागेल असा टी-शर्ट घालू नये, पुढून बटणे असलेला शर्ट घालावा. हा नियम पुढचे आठ-दहा दिवस पाळायचा आहे.

घरी आल्यावर पहिल्या पाच-सहा रात्री दोन-तीन उशा लावून, पाठ आणि डोके उंच ठेवून उताणे झोपावे. कुशीवर किंवा पालथे झोपू नये. मागच्या बाजूने पाझरणारे फिकट लालसर पाणी उशीला लागणे पहिल्या एक-दोन रात्री नेहमीचे असते. उशीवर रोज स्वच्छ धुतलेला पंचा टाकावा.

पहिल्या दहा दिवसांत रोज काय दिसते?

• पहिला दिवस : डोके बधिर आणि ताणल्यासारखे वाटते. लावलेल्या भागात लाल ठिपके दिसतात. बरेच डॉक्टर पहिले दोन-तीन दिवस दर काही तासांनी सलाइनचा फवारा मारायला सांगतात, म्हणजे ग्राफ्ट कोरडे पडत नाहीत.

• दुसरा ते चौथा दिवस : प्रत्येक ग्राफ्टभोवती बारीक खपली धरते. वेदना कमी होत जाते. कपाळावर सूज येऊ लागते.

• चौथा ते सातवा दिवस : सूज उतरू लागते. खाज सुटते. मागच्या बाजूच्या एफयूईच्या जखमा बुजत येतात.

• सातवा ते चौदावा दिवस : खपल्या सैल होऊन पाण्याबरोबर निघतात. काही खपल्यांबरोबर बारीक केसही येतो. यात मुळी निघाली असे नसते, मुळी त्वचेखालीच राहते. एफयूटीचे टाके साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी काढतात. त्यासाठी पुन्हा मुंबई गाठणे अवघड असेल, तर गावाजवळच्या डॉक्टरकडे टाके काढता येतील का, हे आधीच विचारून चिठ्ठी घ्यावी.

ग्राफ्ट पक्का कधी होतो, यावर अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट बर्नस्टाइन आणि डॉ. विल्यम रासमन यांचा २००६ मधील अभ्यास आजही आधाराला घेतला जातो. पहिले दोन दिवस केस ओढला तर ग्राफ्ट निघून येत होता. सहाव्या दिवसापर्यंत नुसता केस ओढून तो निघेनासा झाला. खपली खेचली तर मात्र पाचव्या दिवसापर्यंत ग्राफ्ट हमखास जात होता, हा धोका नवव्या दिवसाच्या सुमारास संपला. सारांश असा की पहिले दहा दिवस खपलीला नख लावायचे नाही. खाज फार असेल तर सलाइनचा फवारा मारावा आणि डॉक्टरला विचारून गोळी घ्यावी.

कपाळाची सूज डोळ्यांपर्यंत का उतरते?

घरच्यांना सर्वात जास्त धास्ती याचीच वाटते. शस्त्रक्रियेत भुलेचे औषध आणि सलाइन डोक्याच्या त्वचेखाली भरपूर प्रमाणात टोचलेले असते. हे पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळ फुगते, नंतर भुवया आणि पापण्या सुजतात. काही जणांचे डोळे एखादा दिवस अर्धवट मिटतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूज सर्वाधिक असते आणि आठवडाभरात बहुधा ओसरते.

डोके उंच ठेवून झोपणे आणि खाली वाकून काम न करणे हा यावर मुख्य उपाय. कपाळावर, भुवयांच्या वर फडक्यात गुंडाळलेला बर्फ काही मिनिटे ठेवता येतो. तो ग्राफ्टवर ठेवायचा नाही. सूज चोळून उतरवण्याचा प्रयत्न करू नये. मात्र ओठ, जीभ किंवा घसा सुजला, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, तर ही उतरणारी सूज नव्हे. ती तातडीची वेळ आहे, त्याविषयी पुढे पाहू.

डोके कधी आणि कसे धुवायचे? तेल, हळद चालते का?

पहिली धुलाई साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी असते. नेमका दिवस तुमचा डॉक्टर सांगेल. सौम्य शाम्पूचा फेस तळहातावर करून तो हलक्या हाताने डोक्यावर टेकवायचा, चोळायचा नाही. मग मगाने कोमट पाणी हळूहळू सोडायचे. शॉवरची किंवा नळाची जोरदार धार थेट डोक्यावर घेऊ नये. पंचाने पुसू नये, आपोआप वाळू द्यावे. गरम हवेचा ड्रायर नको. पाणी विहिरीचे किंवा बोअरचे असेल, तर उकळून कोमट केलेले वापरावे. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले तर हाच उपाय.

घरातल्या मोठ्या माणसांचा पहिला सल्ला खोबरेल तेलाचा असतो. जखमेवर हळद लावण्याचाही आग्रह होतो. कोरफड, कांद्याचा रस, माका हेही सुचवले जाते. हेतू चांगला असला तरी उघड्या जखमांवर यातले काहीही लावू नये. तेलाने छिद्रे बुजतात, धूळ चिकटते आणि फोड येण्याची शक्यता वाढते. डोक्याला तेल साधारण महिनाभरानंतर, डॉक्टरला विचारून लावावे. केस रंगवणेही किमान महिनाभर टाळावे.

हेल्मेट, ड्युटी आणि शेतीकामाचे काय?

टेबलावरचे काम असेल, तर तीन-चार दिवसांनी कामावर जाता येते. आपल्याकडे अनेकांचे काम तसे नसते.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने बरेच आहेत. तिथे सेफ्टी हेल्मेट घालावेच लागते, शिवाय वाफा आणि भुकटी असते. पहिले दहा ते चौदा दिवस हेल्मेटचा दाब आणि घाम दोन्ही नकोत. सुरक्षेचा नियम मोडून बिनहेल्मेट प्लांटमध्ये जाणे हा मार्ग असू शकत नाही. म्हणून दोन आठवड्यांची रजा आधी मंजूर करून घ्यावी किंवा डॉक्टरच्या चिठ्ठीवर तेवढे दिवस कार्यालयातले काम मागावे. दुचाकीलाही हेच लागू. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार हेल्मेट बंधनकारक आहे. डोक्याला हेल्मेट चालत नसेल तेवढे दिवस दुचाकीच चालवू नये.

शेतकरी घरात आणखी एक अडचण असते. डोक्यावर गवताचा भारा, लाकडाची मोळी किंवा पाण्याची कळशी घेणे निदान महिनाभर बंद. चिखलणी-लावणीत दिवसभर वाकून राहिल्याने सूज वाढते, चिखलाचे शिंतोडे आणि पावसाचे पाणी डोक्यावर येते. व्यायामशाळा, कबड्डी, क्रिकेट दोन आठवडे नको. कबड्डीसारख्या झटापटीच्या खेळाला आणि नदी, तलाव, स्विमिंग पूलमध्ये पोहायला महिनाभर थांबावे. साधे चालणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून चालते.

उन्हात जाताना सैल टोपी वापरावी. ती कधीपासून घालायची हे डॉक्टरला विचारावे. ती ग्राफ्टला न घासता घालता-काढता आली पाहिजे. पहिला महिना थेट ऊन टाळावे.

तंबाखूबद्दल मात्र तडजोड नाही. बिडी-सिगारेटच काय, मळलेली तंबाखू, गुटखा, मिश्री यांतूनही निकोटीन शरीरात जाते. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या जागी बसलेल्या मुळीला रक्तपुरवठा कमी पडतो. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर निदान दोन आठवडे तंबाखू पूर्ण बंद हवी. दारूही आठवडाभर वर्ज्य. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात असल्याशिवाय प्रत्यारोपणच करू नये, कारण जखम भरायला वेळ लागतो आणि संसर्गाचा धोका वाढतो. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. दोन्ही डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्यावा.

लावलेले केस महिनाभरात गळतात, म्हणजे पैसे पाण्यात गेले का?

नाही. सर्वाधिक रडारड होते ती या टप्प्यावर, म्हणून हे आधीच माहीत असलेले बरे. मुळी एका जागेवरून उपटून दुसरीकडे लावताना तिला धक्का बसतो. ती विश्रांतीच्या अवस्थेत जाते आणि वरचा केस सोडून देते. साधारण दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात लावलेले बहुतेक केस असे गळतात. मुळी त्वचेखाली जिवंत असते. भाताची रोपे राबातून उपटून खाचरात लावली की काही दिवस पिवळी पडतात, माना टाकतात, मग मूळ धरतात. तसाच हा प्रकार, फक्त इथे दिवसांऐवजी महिने लागतात.

काही जणांचे आजूबाजूचे मूळ केसही या काळात गळतात. त्याला ‘शॉक लॉस’ म्हणतात. यातले बहुतेक केस तीन-चार महिन्यांत परत येतात. जे केस आधीच खूप बारीक झालेले होते, ते मात्र कायमचे जाऊ शकतात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात काही जण शस्त्रक्रियेच्या आधीपेक्षाही विरळ दिसतात. नेमक्या याच वेळी मित्र थट्टा करतात, नातेवाईक ‘फसवले रे तुला’ म्हणतात आणि तरुण खचतो. या टप्प्यावर दुसऱ्या क्लिनिकमध्ये जाऊन पुन्हा पैसे भरणे किंवा कुठलेही जाहिरातीतले औषध सुरू करणे, ही घाई करू नये.

कोणत्या महिन्यात किती फरक दिसतो?

• पहिला महिना : खपल्या गेलेल्या, लाली कमी होत आलेली. केस गळायला सुरुवात. मागच्या भागात किंवा टाळूवर बधिरपणा. तो काही आठवडे, कधी काही महिने टिकतो.

• दुसरा-तिसरा महिना : दिसायला सर्वात निराशेचा काळ. नवे केस त्वचेतून वर येताना पुटकुळ्या येतात. चार-दोन असतील तर कोमट पाण्याच्या फडक्याचा शेक पुरतो. खूप असतील, दुखत असतील किंवा पू धरत असतील तर डॉक्टरला दाखवावे.

• तिसरा-चौथा महिना : बारीक, कधी कुरळे, फिकट केस दिसू लागतात. सगळीकडे एकदम येत नाहीत.

• सहावा महिना : बदल इतरांच्याही लक्षात येतो. तरीही हा अंतिम निकाल नव्हे.

• नववा ते बारावा महिना : केस जाड होतात, मूळ केसांसारखे दिसू लागतात. टाळूवरच्या भोवऱ्याजवळचा भाग सर्वात उशिरा भरतो. त्याला पंधरा ते अठरा महिनेही लागू शकतात.

दर महिन्याला एकाच जागी, एकाच उजेडात, चार बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. रोज आरशात पाहून फरक कळत नाही, फोटोत कळतो. काही बिनसले तर डॉक्टरला व्हॉट्सॲपवर दाखवायलाही ते उपयोगी पडतात. आणि केस लावले म्हणजे शाळेतल्या वयाची दाटी परत येते, असे नाही. मागच्या बाजूचा साठा मर्यादित असतो.

लग्न, सण आणि पावसाळा : तारीख कशी निवडावी?

अनेक जण लग्न जवळ आल्यावर धावपळ करतात. दोन-तीन महिन्यांवर लग्न असताना प्रत्यारोपण केले, तर हळदीच्या दिवशी नेमका सर्वात विरळ काळ असतो. लग्नाआधी किमान दहा-बारा महिने हातात असतील तरच हा विचार करावा, नाहीतर लग्नानंतर सावकाश करावे.

महाड-पोलादपूरला पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. इथला पाऊस मुसळधार. आंबेनळी आणि वरंधा घाटांत दरडी कोसळून रस्ते बंद होतात. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर पाण्यात होते, रस्ते तुटले होते आणि फोनही लागत नव्हते. अशा वेळी ताज्या जखमेचा रुग्ण घरी अडकला, तर तपासणी आणि औषधे दोन्ही दुरावतात. एप्रिल-मे महिन्यांत उकाडा आणि घाम. त्यामुळे गावी विश्रांती घ्यायची असेल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. शिमग्याला रंग-गुलाल डोक्यावर पडणारच, म्हणून त्याच्या निदान महिना-दीड महिना आधी शस्त्रक्रिया झालेली असावी.

कोणती लक्षणे दिसली तर थांबायचे नाही?

डोक्याच्या त्वचेला रक्तपुरवठा भरपूर असल्याने गंभीर संसर्ग क्वचितच होतो. पण होतो. पुढीलपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

• तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर वेदना कमी होण्याऐवजी वाढणे

• ताप, थंडी वाजणे

• पू, दुर्गंधी, पसरत जाणारी लाली

• त्वचेचा एखादा भाग काळा पडणे

• स्वच्छ गॉजने दहा-पंधरा मिनिटे सलग दाबूनही न थांबणारे रक्त

आणि पुढील लक्षणांत एक मिनिटही घालवू नये. श्वास लागणे, छातीत घरघर, ओठ-जीभ-घसा सुजणे, अंगभर गांधी उठणे, चक्कर येऊन शुद्ध हरपणे. ही तीव्र ॲलर्जीची, म्हणजे ॲनाफिलॅक्सिसची लक्षणे असू शकतात. अशी ॲलर्जी घरी आल्यावर घेतलेल्या अँटिबायोटिक किंवा वेदनाशामक गोळीनेही होऊ शकते.

हा धोका केवळ पुस्तकातला नाही. मार्च २०१९ मध्ये मुंबईत ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाचा प्रत्यारोपणानंतर दोन दिवसांत मृत्यू झाला. त्याच्या चेहऱ्यावर आणि घशाला सूज आली होती, श्वास घ्यायला त्रास होत होता. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तीव्र ॲलर्जीची शक्यता व्यक्त केली होती. एकाच वेळी नऊ हजारांहून अधिक केस लावल्याचे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले होते. दिल्लीत २०२१ मध्ये प्रत्यारोपणानंतर ३० वर्षांचा एक तरुण संसर्ग रक्तात पसरून दगावला. ते प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले.

अशा वेळी क्लिनिकला फोन लावत बसण्यापेक्षा आधी १०८ ला फोन करावा किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. महाड आणि पोलादपूर दोन्हीकडे ग्रामीण रुग्णालय आहे. मुंबईची वाट धरू नये. वेळेवर, जवळच्या जवळ मिळालेल्या उपचाराचे मोल या भागाला नव्याने सांगायला नको. पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावरील प्राझोसिनच्या उपचाराचे काम याच महाड-बिरवाडी परिसरातून जगापुढे नेले.

पावसाळ्यात ताप आला, तर तो जखमेचाच असेल असे नाही. मलेरिया, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिसही असू शकतो. तपासणाऱ्या डॉक्टरला प्रत्यारोपण झाल्याचे आणि सुरू असलेल्या गोळ्यांची नावे सांगावीत. लाजेपोटी लपवले तर निदान चुकते.

औषधे किती दिवस घ्यायची?

अँटिबायोटिक आणि सुजेच्या गोळ्या काही दिवसांपुरत्या असतात. त्या सांगितल्या तेवढे दिवस पूर्ण घ्याव्यात. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

पुढचा प्रश्न मूळ केसांचा. लावलेले केस टिकतात, पण आधीचे केस गळण्याची प्रक्रिया थांबलेली नसते. तिच्यासाठी डॉक्टर मिनॉक्सिडिल आणि पुरुषांना फिनास्टेराइड देतात. मिनॉक्सिडिल जखमा भरल्यावर, साधारण दोन ते चार आठवड्यांनी सुरू करतात. ही औषधे बंद केली की त्यांचा फायदाही काही महिन्यांत ओसरतो. फिनास्टेराइडने काही पुरुषांत लैंगिक इच्छा कमी होण्यासारखे दुष्परिणाम दिसतात, म्हणून ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यावे. घरात गर्भवती स्त्री असेल, तर तिने या फुटलेल्या गोळ्यांना हात लावू नये.

क्लिनिक सोडण्यापूर्वी हाती काय हवे?

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केस प्रत्यारोपणाबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून ही शस्त्रक्रिया करता येणार नाही, रीतसर प्रशिक्षण घेतलेला नोंदणीकृत डॉक्टरच ती करू शकतो, असे त्यात स्पष्ट आहे. ॲलोपॅथी डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तपासता येते. सलूनला जोडलेल्या केंद्रात ‘डॉक्टर येऊन जातात’ असे उत्तर मिळाले, तर तिथून परत फिरावे.

दूरच्या रुग्णाने निघताना या गोष्टी लेखी घ्याव्यात. किती ग्राफ्ट लावले, कोणत्या पद्धतीने, कोणत्या डॉक्टरने. भुलेची आणि इतर औषधांची नावे. पुढील तपासणीच्या तारखा. आणि रात्री-अपरात्री उचलला जाईल असा डॉक्टरचा फोन नंबर, कॉल सेंटरचा नव्हे. खर्चाचे बिलही घ्यावे. सौंदर्यासाठी केलेल्या प्रत्यारोपणाला जीएसटी लागतो आणि आरोग्य विम्यात त्याचा खर्च सहसा मिळत नाही. म्हणून कर्ज काढण्याआधी औषधे, प्रवास आणि बुडणारी ड्युटी धरून हिशेब करावा.

शेवटची सूचना सर्वात सोपी आहे. गावात विचारणाऱ्यांना काय सांगायचे, ते ज्याचे त्याने ठरवावे. पण घरातल्या निदान एका माणसाला, मग ती आई असो, बायको असो की भाऊ, सगळे खरे सांगून ठेवावे. गोळ्यांची पुडी कुठे आहे, डॉक्टरचा नंबर कोणता आणि कोणते लक्षण दिसले की १०८ लावायचा, हे त्यांना माहीत असले पाहिजे. रात्री श्वास अडकला तर फोन त्यांनाच करावा लागणार आहे.